चरख्याचा ध्वज घरी असेल, तर आधी त्याची हकीकत लिहा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील सार्वजनिक वाचनालयांचे विश्वस्त, जुन्या शाळांचे चालक,
आणि ज्यांच्या घरी स्वातंत्र्यापूर्वीचा ध्वज आहे अशी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी कापडाच्या धंद्यातला. शहापूरच्या खडेबाजारात ताग्यांमध्ये आयुष्य गेलं. इतिहासाचं शिक्षण नाही, पण कापड बोटांत धरलं की सूत हातचं आहे की गिरणीचं, रंग सुताला दिलाय की विणून झाल्यावर, हे कळतं. एवढ्या भांडवलावर लोक माझ्याकडे जुने ध्वज दाखवायला आणू लागले. बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी जवळ आली तशी तर रीघच लागली. कुणी आजोबांच्या ट्रंकेतला आणला, कुणी संस्थेच्या कपाटातला, कुणी चांगले पैसे मोजून विकत घेतलेला. ते सगळं बघून जे मनात साठलं आहे ते आपल्यापुढे उघड मांडतो.

आपल्या भागात जुने ध्वज अजून आहेत. पण ध्वज टिकतो आणि तो कुणी शिवला, कुठे लावला, कुणाच्या हातातून पोलिसांनी ओढला, हे सांगणारं माणूस जातं. मग त्या उघड्या जागेवर कुणीतरी मोठ्या नावाची चिठ्ठी चिकटवतं. ही चिकटवाचिकटवी थांबवा, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या, एवढंच मागणं आहे.

बेळगावात कुठलाही जुना ध्वज निघाला की तो '२४ सालच्या अधिवेशनातला' ठरतो. त्यामागची भावना मला समजते. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकच अधिवेशन. इथले काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांड्यांनी त्यासाठी रक्ताचं पाणी केलं. अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आणि त्याचं स्मारक वीरसौध आजही उभे आहेत. त्या मांडवातला ध्वज आपल्या घरी असावा असं कुणाला वाटणार नाही?

पण जरा रंग बघा. केशरी, पांढरा, हिरवा आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यात चरखा, हा ध्वज काँग्रेसने स्वीकारला तो ऑगस्ट १९३१ मध्ये. १९२४ साली लोकांच्या हातात होता तो वेगळा ध्वज: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे लाल-हिरवा ध्वज ठेवला, चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची, आणि पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. तोच १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात होता. २६ जानेवारी १९३० ला गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली तेव्हाही तोच होता. म्हणजे केशरी पट्ट्याचा ध्वज 'अधिवेशनातला' म्हणून कुणी समोर ठेवला, तर भिंगसुद्धा काढायला नको. तरीही शताब्दीच्या दिवसांत असे ध्वज हार घालून मिरवलेले मी पाहिले. ते सगळे नकली होते असं मी म्हणत नाही. त्यातले काही खरोखर जुने, १९३१ नंतरचे, बेचाळीसच्या आंदोलनातलेही असू शकतील. खोटी होती ती चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीपायी ध्वजाची खरी हकीकत विचारायचीच राहून गेली.

दुसरी गोष्ट, हे ध्वज सरकारी तर नव्हतेच, पण पांढरा-हिरवा-लाल ध्वज काँग्रेसनेही ठराव करून कधी स्वीकारला नव्हता. गांधीजींनी पसंत केला, लोकांनी उचलला. माप ठरलेलं नाही, छटा ठरलेली नाही, चरख्याचा नमुना ठरलेला नाही. कुणी ऐकून शिवला, कुणी दुसऱ्याचा बघून. म्हणून एखाद्या ध्वजावरचा चरखा उलट्या बाजूला असेल, लाल रंग विटकरी असेल, पट्टे कमीजास्त रुंद असतील, तर 'पुस्तकातल्यासारखा नाही' म्हणून तो बाजूला टाकू नका. उलट हुबेहूब पुस्तकातल्यासारखा ध्वज पुढे आला की मी अधिक सावध होतो. नकली करणारा चित्र समोर ठेवूनच काम करतो.

आणि चित्रंही कुठे एकसारखी आहेत? २२ ऑगस्ट १९०७ ला मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेल्या ध्वजाचं उदाहरण घ्या. शाळांत लावलेल्या तक्त्यांवर त्याच्या वरच्या पट्ट्यात एक कमळ आणि सात तारे दाखवतात. कामाबाईंच्या हातातल्या ध्वजाच्या छायाचित्रात मात्र ओळीने आठ फुलं दिसतात. पुण्याला केसरीवाड्यात त्यांचा म्हणून जतन केलेला ध्वज आहे, तो जाऊन बघता येतो. मग कमळ आणि सात तारे असलेला 'श्टुटगार्टचा जुना ध्वज' बाजारात आला तर तो कशावरून शिवला असेल, हे सांगायला लागत नाही.

होमरूलचंही तसंच. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापली ती आपल्या बेळगावातच, याचा अभिमान आहेच. पण पाच लाल आणि चार हिरव्या पट्ट्यांचा, सप्तर्षीचा, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला तो ध्वज १९१७ चा. त्याच्याखाली 'बेळगाव, १९१६' लिहिलं असेल तर तारीख जुळत नाही.

आता कापडाकडे येतो, माझ्या हक्काच्या विषयाकडे.

माझ्याकडे आलेल्यांपैकी एक ध्वज सांगतो. घरचं नाव सांगायची परवानगी नाही. हातभर लांबीचा. पांढरा पट्टा पिवळट पडलेला, हिरवा उडून राखाडी झालेला, लाल तेवढा शाबूत. तीन पट्टे वेगवेगळ्या थानांतले, कारण हिरव्याचं सूत बाकी दोघांहून जाड. चरखा भरतकामाचा नव्हता, पुठ्ठा कापून त्यातून काळ्या शाईने उठवलेला. चाकाच्या एका बाजूला शाई फुटून मागच्या पदरात उतरलेली. काठीकडची बाजू दुमडून नेफा केलेला, आणि नेफ्याच्या तोंडाशी कापड घासून घासून जाळीदार झालेलं. म्हणजे हा ध्वज काठीला चढला होता, अनेकदा चढला होता. घड्यांच्या रेषांवर रंग जास्त उडालेला, आत कमी. नेफ्याच्या आतल्या अंगाला निळ्या दोऱ्याने मोडीत दोन अक्षरं शिवलेली. मोडी वाचणारं आता त्या घरात कुणी नाही. ती अक्षरं वाचली गेली तेव्हा घरातल्या आजींना त्यांच्या सासूबाईंचं माहेरचं नाव आठवलं, आणि मग प्रभातफेरीची, पोलीस पाटलाची, ध्वज तांदळाच्या कणगीत लपवल्याची सगळी हकीकत बाहेर आली. त्या ध्वजावर साल नव्हतं, पुढाऱ्याचं नाव नव्हतं. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या मोलाच्या वस्तूंपैकी तो एक आहे.

याच्या उलट दुसरा. एका गृहस्थांनी बाहेरगावच्या विक्रेत्याकडून घेतलेला. सगळीकडे सारखा तपकिरी, घडीच्या आतही आणि बाहेरही. जुनं कापड असं सारखं पिकत नाही. उजेड लागतो तिथे एक रंग, घडीत दुसरा. चहाच्या पाण्यात बुडवलेलं कापड असं दिसतं. भोकं गोल, कडा करपलेल्या. कसर लागलेल्या भोकाच्या कडा कुरतडलेल्या असतात. कडेला इंटरलॉक मारलेलं. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात असतोच, तो धरला तर शिवणीचा दोरा निळा चमकला. कापड आणि दोरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्यं घालतात ती वापरात आली स्वातंत्र्याच्या आगेमागे. त्या गृहस्थांना सांगताना माझ्या जिवावर आलं. त्यांनी पैशासाठी घेतला नव्हता, भक्तीने घेतला होता.

पण या दिव्याच्या भरवशावर एकटं राहू नका. खरा जुना ध्वज आजच्या साबणाच्या पावडरीत धुतला तर तोही चमकतो, कारण पावडरीत तीच द्रव्यं असतात. म्हणून हात जोडून सांगतो: ध्वज धुऊ नका. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी 'जरा स्वच्छ करून घेऊ' म्हणून धुतलेल्या, कडक इस्त्री केलेल्या ध्वजाची साक्ष त्याच दिवशी संपते. डाग, गंजाची खूण, घडीची रेघ, सगळं बोलत असतं.

खादीबद्दलही गैरसमज फार. हातसूत जाडबारीक असतं, उजेडावर धरलं की दिसतं, हे खरं. पण खादी आहे म्हणजे स्वातंत्र्यपूर्व, असं होत नाही. गंगाधररावांनी हुदलीत उभं केलेलं खादीचं काम पुढेही चाललं. धारवाडजवळच्या गरगला ध्वजाचं कापड विणलं गेलं. हुबळीच्या बेंगेरीचा खादी संघ १९५७ सालचा, आणि तिथले ध्वज देशभर जातात. उलट बाजूने, गिरणीच्या कापडाचा आहे म्हणून खोटा असंही नाही. खादी सगळ्यांना परवडत नव्हती, आणि घाईच्या वेळी हाताशी येईल त्या धडुत्याचा ध्वज झाला असेल. शिवणयंत्राची टीप दिसली म्हणूनही बिचकू नका, शिवणयंत्रं तेव्हाही होती. एकेक खूण वेगळी धरली तर फसायला होतं. सूत, शिवण, रंग उडण्याची तऱ्हा आणि घरची हकीकत, चारही एकमेकांना जुळतात का ते बघायचं. आपल्याकडे यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. वडगाव, खासबागेत मागावर हयात गेलेली माणसं आहेत. त्यांना मानाने बोलवा, चहा द्या, ध्वज समोर ठेवा. कापड कुठल्या मागावरचं, फणी कशी, हे ती क्षणात सांगतील.

एक इशारा देऊन ठेवतो: सुताचा तुकडा जाळून बघायची आमच्या धंद्यात रीत आहे, ती ध्वजाच्या बाबतीत कुणी करू नये. एक धागासुद्धा तोडू नये.

हे ध्वज कमी का उरले, हेही लक्षात घ्या. ते वापरायचे होते, जपायचे नव्हते. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाने, म्हणजे काँग्रेसच्या स्वयंसेवक दलाने, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ध्वजवंदनाची शिस्त लावली होती. ऊन-पावसात फडकून कापड जीर्ण झालं की नवं शिवायचं. पोलिसांनी जप्त केले ते परत आले नाहीत. झडतीच्या भीतीने चुलीत गेले ते गेले. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने चक्राचा ध्वज स्वीकारल्यावर चरख्याच्या ध्वजाचं काम संपलं, आणि चांगलं कापड आपल्याकडे कोण फुकट घालवतं? त्याची दुपटी झाली, पिशव्या झाल्या. खुद्द १५ ऑगस्ट १९४७ च्या ध्वजांचीही हीच अवस्था. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात त्या दिवशी चढवलेला १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद रेशमी ध्वज २०१३ पासून तिथल्या संग्रहालयात मांडला आहे. असे ध्वज देशात बोटावर मोजण्याइतकेही दाखवता येत नाहीत. २२ जुलै ते १५ ऑगस्ट, मध्ये जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात देशभर चक्राचे ध्वज शिवायचे होते. घरी शिवलेल्या एखाद्या ध्वजावर चक्राचे आरे चोवीस भरले नाहीत, किंवा चरख्यावरच चक्राचं कापड टाचलेलं दिसलं, तर ते उसवून 'मूळ' काढायला जाऊ नका. आहे तसाच ठेवा आणि नीट फोटो काढा.

आपल्या भागाची आणखी एक गुंतागुंत आहे, जी बाहेरच्या संग्राहकांना ठाऊक नसते. तेव्हा हा सगळा एकच इलाखा नव्हता. बेळगाव इंग्रजांचं, पण हाकेच्या अंतरावरचं माझं शहापूर सांगली संस्थानचं. पलीकडे कोल्हापूर, रामदुर्ग, जमखंडी, सावंतवाडी. संस्थानात ध्वज लावण्याचा अर्थ वेगळा, शिक्षा वेगळी. १९३८ साली म्हैसूर संस्थानात शिवपूरला नुसतं ध्वजारोहण करायचं म्हणून सत्याग्रह करावा लागला. म्हणून नोंद करताना 'बेळगाव' एवढं लिहून भागत नाही. कुठली गल्ली, कुठलं गाव, तेव्हा कुणाच्या हद्दीत, हे लिहा. खानापूर बाजूला चक्राचा जुना ध्वज निघाला तर तो १९५५ च्या गोवा सत्याग्रहातलाही असू शकतो. त्याला ओढूनताणून १५ ऑगस्टचा करू नका, त्याची स्वतःची थोरवी आहे. आणि मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्याकडे फौजी घराणी पुष्कळ. अशा घरात चरख्याचा ध्वज मिळाला तर आजोबा आझाद हिंद सेनेत होते का, एवढं विचारा. नेताजींच्या आझाद हिंद सरकारचा ध्वज चरख्याचाच होता. झेपावणाऱ्या वाघाचा ध्वज जर्मनीतल्या पलटणीचा.

एक नाजूक गोष्ट बोलतो. आज आपल्या गावात ध्वज म्हटलं की मराठी माणसाचा भगवा की कन्नड माणसाचा लाल-पिवळा, हा वाद आधी उठतो. मी मराठी माणूस आहे आणि माझी बाजू कुणापासून लपलेली नाही. पण चरख्याचे ध्वज माझ्याकडे मराठी घरांतून आले तसेच कन्नड घरांतूनही आले. १९३१ च्या ध्वज समितीत बेळगुंदीशी घरचं नातं असलेले काका कालेलकर होते आणि हुबळीचे हर्डीकरही होते. तेव्हा या नोंदी करताना कन्नड घरातली हकीकत कन्नडमध्येच, त्या माणसाच्या शब्दांत उतरवा. हे काम एकाच बाजूच्या संस्थांनी केलं तर अर्धे ध्वज ट्रंकेतून बाहेरच येणार नाहीत.

आता विश्वस्त मंडळींना थेट. तुमच्याकडे टेबल आहे, खुर्च्या आहेत, रविवारची सकाळ मोकळी असते. ज्यांच्या घरी ध्वज आहे त्यांना बोलवा. ध्वज त्यांचाच, तो परत घरी न्यायचा, हे आधी सांगा. ठेवून घेतील या भीतीने लोक आणत नाहीत, आणि ती भीती निराधार नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. नेफा, कोपरे, शिवण जवळून. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये न तोडता. त्यांनी स्वतः पाहिलेलं काय आणि ऐकलेलं काय, हे नोंदीत वेगळं ठेवा. कळलं नाही ते कोरं सोडा. मोडी वाचणारे शोधून ठेवा. आणि कृपा करून प्रमाणपत्र देऊ नका. संस्थेचा शिक्का बसलेला कागद ध्वजापासून सुटून कुठल्या भलत्या ध्वजाला जाऊन चिकटेल याचा नेम नाही.

ज्या संस्थांनी ध्वज काचेत बंद करून उन्हाच्या भिंतीवर टांगले आहेत, त्यांनी ते आजच उतरवावेत. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. बिनरंगाची, पुष्कळदा धुऊन खळ गेलेली मलमल घ्या, ध्वज तिच्यात घालून नळीवर सैल गुंडाळा, घडी घालू नका. पोथ्यांना बांधतात तसलं लाल कापड नको, आपल्या पावसाळ्यात त्याचा रंग उतरतो. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. ध्वज फारच जीर्ण असेल तर घरगुती उपाय न करता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाला विचारा.

विकायचा विचार करणाऱ्यांसाठी: १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू पुरावशेष ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापारही करता येत नाही. १९२४ चा ध्वज खरोखर कुणाकडे असेल तर तो आता या कायद्याखाली आला आहे. गरजेपोटी विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण विकण्यापूर्वी हकीकत लिहून तिची एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा, म्हणजे ध्वज गेला तरी तो आपल्या कुठल्या गावातून गेला हे राहील.

पहिल्या रविवारी कुठली संस्था टेबल मांडते ते कळवावं. भिंग, जांभळा दिवा आणि मोजपट्टी घेऊन मी येईन. वडगावच्या दोन जुन्या विणकरांनीही यायचं कबूल केलं आहे. त्यांना आणण्या-नेण्याची रिक्षा तेवढी संस्थेने बघावी.

आपला नम्र,
शहापूर खडेबाजारातला एक कापड दुकानदार
बेळगाव